गजाला तेल

आमच्या बाबांचं काम आवाज बंद करण्याचं होतं. खोपोलीला एका कागद कारखान्यात ते ऑइलमन होते. कुठलं बेअरिंग कण्हलं, कुठलं चाक किरकिरलं की 'श्रीपतला बोलवा' अशी हाक जायची. बाबा यायचे, डोळे मिटून दोन मिनिटं कान द्यायचे, खिशातून लांब चोचीची चपटी कुपी काढायचे आणि नेमक्या जागी दोन थेंब सोडायचे. आवाज बंद. चौदा वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

घरीही तेच. दाराची बिजागरी, पाळण्याची कडी, शेजारच्या पुतळाबाईंचं शिवणयंत्र, सगळ्यांना बाबांचं तेल. आमच्या चाळीत माणसं सोडली तर काहीच किरकिरत नसे. आणि अशा माणसाच्या घरात व्हायोलिन शिकायचं खूळ शिरलं ते माझ्यामुळे.

झालं असं, की खोपोलीतल्याच शिळफाट्याच्या आमच्या शाळेत एकदा मुंबईहून विमलबाई नावाच्या एक बाई आल्या. उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि हातात काळी पेटी. त्यांनी व्हायोलिन वाजवलं. मग म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचंय?" सगळी पोरं गप्प. मला मात्र राहवेना. मी उभी राहून विचारलं, "बाई, तुणतुण्याची तार छेडली की वाजते आणि विझते. तुमची विझत का नाय?"

बाईंनी उत्तर दिलंच नाही. माझं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, आता गुरुजींकडून बोलणी बसणार. बोलणी नाही बसली. महिन्याभराने घरी पत्र आलं.

मे महिन्यात माथेरानला, बाईंच्या भावाच्या बंगल्यात, मुलांचं अठरा दिवसांचं व्हायोलिन शिबिर होतं. साल १९७८. मी तेव्हा आठ वर्षांची. राहणं, जेवण, व्हायोलिन सगळं बाईंचं. अट एकच होती. आई किंवा वडील यांपैकी एकाने मुलाबरोबर राहायचं, आणि नुसतं राहायचं नाही, शिकायचंसुद्धा. पत्रात बाईंनी लिहिलं होतं, 'मूल शिकतंय आणि पालक बाहेर वर्तमानपत्र वाचतोय, हे माझ्याकडे चालत नाही.' शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून वाजवायचं. नीट वाजलं तर मुलाने ते छोटं व्हायोलिन वर्षभर घरी न्यायचं. नाही तर ते परत कपाटात.

विकत घेणं आमच्या बापजन्मात शक्य नव्हतं. म्हणजे व्हायोलिन मिळणार असेल तर असंच, नाही तर नाहीच. हे मला आठव्या वर्षीही लख्ख कळत होतं.

धाकटा दोन महिन्यांचा, तेव्हा आईचा प्रश्नच नव्हता. बाबांनी साठवलेली सगळी रजा टाकली. कारखान्यातल्या साहेबाने कारण विचारलं. बाबा म्हणाले, "पोरीसंगं व्हायोलिन शिकायला जातोय." साहेबाने पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. मग साहेबाने अर्जावर 'घरगुती कारण' असं लिहून सही ठोकली.

शिबिरात आम्ही दहा जोड्या. बाकीचे सगळे दादर, ठाण्याचे. कुणाचे वडील बँकेत, कुणाची आई डॉक्टर. बाबा खाकी पँटीत, खिसा कुपीने फुगलेला. "हितं कशाला आणली?" मी विचारलं. "आसू दे गं. खिसा रिकामा बरा नाय वाटत," ते म्हणाले.

रोज सकाळी बंगल्याच्या पडवीत वर्ग भरायचा. समोरच्या लाल मातीच्या रस्त्यावरून घोडे जायचे, हातरिक्षा जायच्या. बाईंनी मुलांसाठी एक छोटी चाल बांधली होती, तिचं नाव 'डोंगरगाडी'. चाल मुलाने वाजवायची आणि पालकाने खाली एकच सूर धरून ठेवायचा, सा. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा, न थांबता, न थरथरता. बाबांना हे पहिल्या आठवड्यातच जमलं. हात कामाचा होता, कापत नव्हता. बँकवाल्यांचा सा बकरीसारखा थरथरायचा तेव्हा बाबा माझ्याकडे बघून हळूच भुवई उडवायचे.

रडत होतं ते माझंच व्हायोलिन. गज तारेला लावला की असा काही चीत्कार उठायचा, की रस्त्यावरचे घोडे कान टवकारत. बाई म्हणायच्या, "होईल, होईल. हात सैल सोड. किरकिर ऐकायची, घाबरायचं नाही." पण बाबांना ते ऐकवत नव्हतं. प्रत्येक किरकिरीला त्यांचा चेहरा कसानुसा व्हायचा आणि उजवा हात आपोआप खिशाकडे जायचा.

बाराव्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. बाबांनी मला पडवीच्या मागे बोलावलं.

"जयू, आण गं तुझं यंतर."

मी व्हायोलिन आणलं. "वाजव." मी वाजवलं. बाबांनी डोळे मिटून दोन मिनिटं कान दिला, कारखान्यात द्यायचे तसा.

"ह्ये बघ," ते म्हणाले, "तार न्हाय बिघडलेली. गजाचे केस तारेवर घासतात, तितं आवाज हाय. घासतंय म्हंजे कोरडं हाय. आन कोरडं हाय म्हंजे..."

"तेल!" मी म्हणाले.

आम्हाला दोघांनाही वाटलं, इतकी साधी गोष्ट बाईंना कशी सुचली नाही. रोज वर्ग सुटला की त्या सगळ्यांचे गज गोळा करून आतल्या खोलीत नेत आणि काहीतरी लावून आणत. काय लावतात ते कुणाला दाखवत नसत, मुलं चुरा करतील म्हणून. बाबांच्या मते ते मेण असावं, पण हलक्या प्रतीचं. त्यांनी कुपी काढली, गजाच्या पांढऱ्या केसांवर दोन थेंब सोडले आणि अंगठ्याने अलगद वरपासून खालपर्यंत पुसले. काय हळुवार हात होता तो! मी टक लावून बघत होते. मग मी म्हणाले, "आजून द्या ना, बाबा." त्यांनी आणखी दोन थेंब दिले. ते दोन थेंब माझे, हे मी आजही नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या तोऱ्यात उभी राहिले. गज तारेवर ठेवला, ओढला.

काहीच नाही.

किरकिर नाही, चीत्कार नाही, सूरही नाही. गज लोण्यावरून जावा तसा तारेवरून सरकला. मी पुन्हा ओढला. नुसती सुळसुळ. मला आधी भीती वाटलीच नाही, नवल वाटलं. व्हायोलिन तेच, तारा त्याच, मीही तीच, मग आवाज गेला कुठे? मी व्हायोलिनच्या पोटातल्या भोकाला डोळा लावून आत बघितलं. बाकीची पोरंही जवळ आली. एकाने विचारलं, "मी ओढून बघू?"

विमलबाईंनी गज माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, नाकाशी नेला. त्यांचा चेहरा उतरला.

"तेल."

मग त्यांनी माझ्या वेण्यांकडे पाहिलं. आईने बजावून सांगितलं होतं म्हणून बाबा रोज सकाळी माझ्या केसांना चपचपीत खोबरेल लावत. वेण्या चमकत होत्या.

"केसांना लावलेला हात तसाच गजाला लावलास? अं? गज गेला हा कामातून. मुंबईला धाडून केस बदलून आणल्याशिवाय वाजणार नाही. आणि एवढा छोटा दुसरा गज माझ्याकडे नाही."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते.

मी पटकन हिशोब केला. मूल चुकलं तर ओरडा बसतो. पालक चुकला तर त्याला घरी पाठवतात, आणि पालकाशिवाय मुलाला इथे जागा नाही. मी म्हणाले, "चुकलं, बाई. हात लागला माझा."

"मग बस तिकडे," बाई म्हणाल्या. "वस्तू सांभाळता येत नाही त्याच्या घरी वस्तू जात नाही."

मी कोपऱ्यात जाऊन बसले. आणि आमचे बाबा काय करतात? उठले, पायऱ्या उतरले आणि फाटकातून चालू लागले. त्या क्षणी मला बाबांचा जितका राग आला तितका पुढे आयुष्यात कधी आला नाही. मी खोटं बोलले ते त्यांच्यासाठी, आणि ते चालले फिरायला! बाकीच्या जोड्यांची डोंगरगाडी सुरू झाली आणि मी गुडघ्यात तोंड खुपसून बसले.

पाच-दहा मिनिटांनी फाटक वाजलं. बाबा परत आले होते. पायऱ्या चढून ते पडवीच्या मधोमध उभे राहिले. सगळ्यांचे गज थांबले.

"बाई," ते म्हणाले. "तेल मी लावलं. त्यात पोरीचा हात नाय. खोबऱ्याचं नव्हंच त्ये, मशीनचं हाय." त्यांनी खिशातून कुपी काढून समोरच्या स्टुलावर ठेवली. "मशीन किरकिरलं की तेल द्यायचं, चौदा वर्सं ह्येच काम हाय माझं. तिचं किरकिरत व्हतं. मला ऱ्हावलं नाय. मघाशीच बोलायला पायजे व्हतं. जीभच उचलंना. मला धाडा घरी, पर पोरीला ऱ्हाऊ द्या."

कुणीतरी फिसकन हसलं. मी मान वर केली ती कोण हसलं ते बघायला. मला त्याच्या अंगावर धावून जायचं होतं.

विमलबाई हसल्या नाहीत. त्यांनी कुपी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि बाबांच्या हातात परत दिली.

"आवाज बंद झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला," बाबा म्हणाले.

"मग तुमचं काम तुम्ही चोख केलंत. माझंच काम करायचं राहिलं. तुम्हाला सांगायला हवं होतं." त्या आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेला एक पिवळसर खडा घेऊन आल्या. "हे मी रोज लावते. वास घ्या."

बाबांनी वास घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "राळ! बाई, ही तर आमी पट्ट्याला लावतो. मशीनचा पट्टा चाकावरनं घसराय लागला की राळ चोळायची, म्हंजे चाकाला धरून ऱ्हातो."

"मग गज म्हणजे काय?"

बाबा गजाकडे बघत राहिले. "पट्टा," ते हळूच म्हणाले. "तारेला धरायचं, सोडायचं, परत धरायचं. म्हून ती विझत नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जयू, तू इचारलं व्हतंस न्हवं?"

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं, आणि ते बाबांनी दिलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण गज काही त्याने वाजणार नव्हता. शिबिराचे पाच दिवस उरले होते.

"कसले केस हायेत ह्ये?" बाबांनी विचारलं.

"घोड्याच्या शेपटीचे," बाई म्हणाल्या.

पडवीतल्या सगळ्यांनी एकदम रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावरून नेहमीप्रमाणे चार घोडे चालले होते.

"तुम्हाला जमेल?" बाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, "खोलून बघतो. कसं बसवलंय ते दिसलं की सांगतो." बाई म्हणाल्या, "तसाही तो मेलेलाच आहे. बघा."

बाबांनी आधी गज खोलला नाही. कागदावर त्याचं चित्र काढलं. मग एक एक भाग सुटा करून कागदावर त्याच क्रमाने मांडला. दोन्ही टोकांना लाकडात इवलीशी खाच होती, खाचेत केसांची गाठ, आणि गाठ निसटू नये म्हणून दाबून बसवलेली नखाएवढी पाचर. "गोंद नाय, खिळा नाय, नुसती पाचर!" बाबा आपल्याशीच बोलत होते. "कोन शाणा आसंल!"

मग आम्ही घोडा शोधायला निघालो. पांढरा हवा होता. घोडेवाल्यांच्या तळावर काळूराम नावाच्या माणसाकडे पांढरा घोडा होता, त्याचं नाव वाघ्या. पांढऱ्या घोड्याला वाघ्या का म्हणायचं, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण बाबांनी हात दाबला.

"जयभीम," बाबा म्हणाले. काळूरामनेही जयभीम घातला. बाबांनी काम सांगितलं. काळूरामने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"शेपटीचे केस? वाजवाय?"

"व्हय."

"माझा वाघ्या वाजनार?" तो मोठ्याने हसला. "घ्या की! पर वरचे नको, शेपूट बोडकं दिसंल, गिऱ्हाईक बसायचं नाय. आतले देतो, लांब हायेत. आन घोडी आसती तर मीच नको म्हनलो आसतो. घोडीचे केस मुतानं खराब व्हत्यात. ह्याचे बघा कसे हायेत."

त्याने स्वतः निवडून दीडशेएक केस कापून दिले. वाघ्याने एकदा मागचा पाय आपटला, बस. निघताना काळूराम मला म्हणाला, "वाजवशील त्या दिवशी मला सांग गं. आमी दोगं येऊ."

केस रिठ्याच्या पाण्यात धुतले, सावलीत वाळवले. बंगल्यातल्या एका मोडक्या फूटपट्टीतून बाबांनी पाचरी तासल्या. पहिल्या खेपेला केसांना पीळ पडला आणि गज वाकडा झाला. बाबांनी सगळं सोडलं. दुसऱ्या खेपेला मी ओल्या फणीने केस विंचरत राहिले आणि त्यांनी गाठ मारली. गाठीवर राळ लावून ती उदबत्तीने चटकवली म्हणजे निसटत नाही, हे बाईंनी ऐकीव म्हणून सांगितलं. बाई आता दर तासाने डोकावत होत्या. आपण पन्नास वर्षं गज धरतोय, पण तो आतून कधी बघितला नव्हता, असं त्यांनीच कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गज उभा राहिला. मी तारेवर ठेवला आणि ओढला.

काहीच नाही. पुन्हा नुसती सुळसुळ.

माझं तोंड एवढंसं झालं. बाबांच्या कपाळावर घाम. "तेल तर न्हाय की," ते पुटपुटले. मग दोघांनी एकदमच एकमेकांकडे बघितलं आणि दोघेही हसत सुटलो. राळ! नव्या केसांना राळ कुणी लावली होती?

बाईंनी खडा बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो केसांवर घासला, खाली-वर, खाली-वर, पांढरी भुकटी उडेपर्यंत. मी गज ओढला, आणि व्हायोलिन असं काही किंचाळलं की आत झोपलेले बँकवाले धडपडत बाहेर आले. इतका सुंदर आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

शेवटच्या दिवशी पडवीत सतरंज्या घातल्या होत्या. फाटकापाशी काळूराम वाघ्याचा लगाम धरून उभा होता. आमचा नंबर शेवटचा. बाबांनी सा धरला, मी चाल सुरू केली. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत चढ लागतो, तिथे माझा गज कच्चा पडला आणि मोठ्ठी किरकिर झाली. माझं रडू फुटायच्या बेतात आलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. त्यांचा हात सा ओढत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू काही झालंच नव्हतं. तो सूर खाली होता म्हणून मी पुन्हा वर चढले आणि डोंगरगाडी पोचवली.

काळूराम फाटकातून ओरडला, "माझ्या वाघ्याचा आवाज हाय त्यो!"

छोटं व्हायोलिन विमलबाईंनी पेटीत ठेवलं, शेजारी आमचा गज ठेवला, राळेचा एक खडा ठेवला, पेटीची कडी लावली. मग त्यांनी पेटी माझ्या हातात दिली आणि बाबांपुढे हात पसरला.

"व्हायोलिन वर्षभर तुमच्याकडे. तुमची कुपी वर्षभर माझ्याकडे."

बाबा जरा घुटमळले. मग त्यांनी कुपी काढली, रुमालाने पुसली आणि दिली.

घरी पोचलो त्याच दिवशी आईला, धाकट्याला आणि पुतळाबाईंना बसवून मी वाजवायला घेतलं. नव्या जागी हात बिथरला. आधी एक चीत्कार निघाला, मग दुसरा. धाकटा भोकाड पसरून रडू लागला. पुतळाबाई म्हणाल्या, "श्रीपत, आरं त्येला जरा तेल दे की!"

बाबांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"ऱ्हाऊ द्या, वयनी," ते म्हणाले. "मी ऐकतोय. वाजव गं, जयू. पुन्ना वाजव."